येताना एक पर्स आण

गेल्या शनिवारी अस्मादिक साडेतीन तास मॉलमध्ये होते. स्वतःसाठी काय घेतलं, तर पाण्याची एक बाटली. बाकी सगळा वेळ पिशव्या सांभाळायच्या आणि योग्य वेळी कार्ड पुढे करायचं, एवढंच काम होतं.

कारण भाची. यंदा तिला इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळाली (तीही कॉम्प्युटरलाच, म्हणजे घराण्यातला रोग पुढच्या पिढीत गेला) आणि त्या आनंदात मामा जेवता जेवता "काय हवं ते माग" असं बोलून गेला. रिक्वायरमेंट फ्रीज झाल्याशिवाय कमिट करू नये, हे मी ऑफिसात वीस-बावीस वर्षं लोकांना शिकवतोय. तर दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर यादी आली. एक स्लिंग बॅग, ब्रँड, मॉडेल आणि रंगासकट. एक नायसिनामाइडचं सीरम. सनस्क्रीन, एसपीएफ ५०, पीएच्या पुढे चार अधिकची चिन्हं, आणि 'व्हाइट कास्ट नको'. शिवाय सिरामाइडवालं मॉइश्चरायझर. मला आधी वाटलं केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचं सामान चुकून माझ्याकडे आलं.

"मी पण येते," धाकटी बहीण म्हणाली. "नाहीतर तू हिला अख्खं दुकान घेऊन देशील."

मग आम्ही तिघं वाकडच्या मॉलला.

आता आमच्या सांगलीच्या घरात कपाटाच्या आरशापुढे तीन वस्तू असायच्या. पावडरचा डबा, खोबरेल तेल आणि थंडीत कोल्ड क्रीम. बहीण नववीत गेली तेव्हा चौथी आली, फेअर अँड लव्हलीची ट्यूब. मी दाढीनंतर तुरटी फिरवणाऱ्या वडलांचा मुलगा. त्यामुळे या दुकानात शिरल्यावर मी जो बावरलो तो खरोखर बावरलो. दुकान कसलं, लॅबच ती. पांढरे दिवे, ड्रॉपरच्या बाटल्या, आणि बाटलीवर सुंदर बाईच्या फोटोऐवजी रसायनाचं नाव आणि टक्के. ही फॅशन मुख्यतः टोरंटोच्या एका कंपनीने आणली म्हणे. २०१६ साली त्यांनी 'द ऑर्डिनरी' नावाने असल्या बाटल्या स्वस्तात विकायला काढल्या आणि मग सगळ्यांनीच टक्के छापायला सुरुवात केली.

"मामा, पुढची बाजू वाचायचीच नाही. मागची वाच," भाचीने शिकवणी घेतली. मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं, मग उतरत्या क्रमाने. बहुतेक वेळा पहिलं पाणीच असतं, म्हणजे आपण पैसे कशाचे देतोय ते तिथेच कळतं. पण गंमत अशी की उतरता क्रम फक्त एक टक्क्यापर्यंत पाळायचा. त्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. मग एक टक्क्याची रेघ कुठे आहे हे कसं ओळखायचं? तर फिनॉक्सिएथॅनॉल नावाचं एक प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते जास्तीत जास्त एक टक्काच घालता येतं. यादीत ते सापडलं की त्याच्या पुढचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पुढे भलंमोठं केशराचं फूल छापलेलं आणि मागे केशर त्या प्रिझर्व्हेटिव्हच्याही खाली, असलं एक क्रीम तिने मला लगेच काढून दाखवलं. काय सांगू, मला लॉग फाइल वाचल्याचा आनंद झाला! पुढचा अर्धा तास मी फक्त बाटल्या उलट्या करत होतो.

सनस्क्रीनचंही तसंच. एसपीएफ ५० म्हणजे २५च्या दुप्पट संरक्षण असं मी आजवर समजत होतो. तसं नसतं. १५चं सनस्क्रीन यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९३ टक्के अडवतं, ३०चं ९७ टक्के आणि ५०चं ९८ टक्के. आणि हे आकडे चेहऱ्यावर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा थर दिला तर. आपण त्याच्या निम्माही लावत नाही. भाचीचं माप सोपं आहे. पहिल्या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. पीए म्हणजे जपान्यांनी काढलेलं यूव्हीएचं माप, अधिकची चिन्हं जितकी जास्त तितकं बरं. व्हाइट कास्ट म्हणजे लावल्यावर चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसणे. आपल्या रंगावर तो जास्त दिसतो.

मग सीरमची पाळी आली आणि माझी खोडी जागी झाली. मी म्हटलं, "तुझं हे नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. आणि १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने जी फेअर अँड लव्हली बाजारात आणली, तिच्यातलाही एक मुख्य घटक हाच. २०२० साली त्यांनी नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. तुझ्या बाटलीवर तर नुसतं रसायनाचं नाव राहिलं. माल तोच!"

"माहितीये," भाची म्हणाली. "मी गोरं व्हायला नाही घेते. पिंपल्सचे डाग राहिलेत त्यासाठी घेते. आणि दहा टक्केवालं नको, पाचवालं बघते. दहाने उगाच चुरचुरतं."

मामा गप्प.

तेवढ्यात दुकानातली मुलगी आली. हातात टॅब, चेहऱ्यावर हसू. भाचीला जे हवं ते तिने दिलं आणि मग बहिणीकडे बघून म्हणाली, "मॅम, तुमच्यासाठी आमची ब्राइटनिंग रेंज दाखवू का? पिगमेंटेशनवर दोन आठवड्यांत फरक दिसतो."

बहीण हसली. "दोन आठवड्यांत? नको गं. दोन आठवड्यांत दिसणारा फरक मी बघितलाय."

त्या मुलीला काही कळलं नाही. मला कळलं. मी हातातली बाटली शेल्फवर ठेवली, ती पण उलटी ठेवली गेली.

२००३ साली, सार्सची साथ ओसरल्यावर, कंपनीने मला पाच महिन्यांसाठी सिंगापूरला पाठवलं. पहिलंच ऑनसाईट. आम्ही सहा जण एका फ्लॅटमध्ये. शनिवार-रविवारी लिट्ल इंडियातलं मुस्तफा आणि ऑर्चर्ड रोड. मुस्तफात खरेदी करायची, ऑर्चर्ड रोडला नुसतं बघायचं. प्रत्येक किमतीला मनातल्या मनात सव्वीसने गुणायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की गुणाकार केला की भूकसुद्धा मरते.

बहीण तेव्हा बावीस वर्षांची, बी.एड. करत होती आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. ती सावळी आहे. आईसारखी. मी वडलांवर गेलोय, म्हणजे मला कुणी कधी विचारलंच नाही. बघायला यायचे, पोहे खायचे, शिकलीय किती, येतं काय, सगळं पसंत असायचं आणि आठवड्याने 'कळवतो'चं 'नाही' व्हायचं. एका स्थळाच्या मावशीने स्पष्ट सांगितलं, "मुलगी छान आहे हो, पण आमचा मुलगा उजळ आहे ना." फोटो स्टुडिओवाल्याने आपणहून फोटो उजळ करून दिला होता. विठ्ठल सावळा म्हणून ज्या घरात रोज हरिपाठ व्हायचा त्याच घरातून आलेला एक नकारही मला आठवतो.

तर बहिणीने सायबर कॅफेतून मला मेल केली. तेव्हा मराठीसुद्धा इंग्रजी लिपीत लिहायचो आपण. माझी बॅकअपची खोड जुनी असल्यामुळे ती मेल अजून आहे, म्हणून तिचेच शब्द देतो. 'दादा, येताना एक चांगली पर्स आण. खांद्याला लावायची, आत खण असलेली. क्रीमबीम काही आणू नको. आई सांगेल, पण आणू नको.'

पर्स बघायला मी ऑर्चर्ड रोडला गेलो होतो, हेही खरं. एक आवडलीही. गडद मरून रंगाची, खऱ्या चामड्याची. तीनशे वीस डॉलर. गुणिले सव्वीस. साडेआठ हजारांच्या आसपास. त्या वर्षी मी पुण्यात फ्लॅट बुक केला होता. दुकानात दहा मिनिटं उभा राहिलो आणि बाहेर आलो. मुस्तफात पर्सचा ढीग होता, त्यातली पंचवीस-तीस डॉलरची घेता आली असती. पण मग आईचा फोन आला. "तिकडे ते गोरं करणारं चांगलं क्रीम मिळतं म्हणतात. शेजारच्यांच्या मुलीला दुबईहून आणलं होतं, फरक पडला." मी अठरा डॉलरची एक डबी घेतली. पांढरी, चांदीच्या रंगाचं झाकण. मनात असंही आलं की पर्स काय, इथेही मिळते. हे तिच्या भल्याचंच आहे.

बहिणीने काही म्हटलं नाही. लावायला लागली. त्या डबीने भलं-बुरं काहीही झालं नाही, हेही सांगायला हवं. ती आपली तीन महिन्यांत संपली. पण आता 'परदेशी क्रीम' लावायची सवय झाली होती, आणि 'फरक पडतोय' असं सगळे म्हणत होते. आई रिकामी डबी घेऊन औषधाच्या दुकानात गेली. तिथल्या माणसाने डबी बघितली, म्हणाला, "हे कशाला, त्यापेक्षा स्ट्राँग देतो," आणि एक ट्यूब काढून दिली. पन्नास-साठ रुपयांची असेल. चिठ्ठी मागितली नाही. कुणीच मागत नव्हतं.

त्या ट्यूबने खरोखर दोन आठवड्यांत फरक दिसला. ती तीन औषधांची होती, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. चेहऱ्यावर वांग आलं तर त्वचेचे डॉक्टर असलं मिश्रण देतात, पण काही आठवडे, आणि लक्ष ठेवून. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा पटकन फिकट दिसतो. लोकांना वाटतं गोरेपणा आला. लावत राहिलं की कातडी पातळ होत जाते, आणि बंद केलं की उसळून येतं, लाली, पुरळ, आग. म्हणून माणूस परत लावतो. बग लपवायला पॅच, आणि पॅच काढला की सगळी सिस्टीम खाली. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ साली या प्रकाराला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं वेगळं नावच दिलं, इतके रुग्ण त्यांच्याकडे येत होते. आणि ही मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून अशा चौदा स्टेरॉइडना शेड्यूल एचमध्ये घालायला २०१८ उजाडलं.

बहिणीने ती ट्यूब अडीच वर्षं लावली. डिसेंबर २००५ मध्ये लग्न झालं. लग्नाच्या अल्बममध्ये नीट बघितलं तर चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसते. दिवस राहिल्यावर डॉक्टरांनी ट्यूब बंद करायला लावली आणि मग जे सुरू झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की गॅससमोर उभं राहिलं तरी तिचा चेहरा भाजल्यासारखा व्हायचा, म्हणून डोहाळजेवणाला आलेल्या बायकांत ती पंख्याखाली ओला रुमाल धरून बसली होती. मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला बरं केलं. दीड-दोन वर्षं लागली. उपाय काय, तर बराच काळ काहीही न लावणे, साधं मॉइश्चरायझर, आणि सनस्क्रीन. गालांवर बारीक लाल रेषा अजून आहेत. जवळून दिसतात.

हे प्रकरण जुनं झालं असं समजू नका. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांकडे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे बावीस रुग्ण आले. त्यातल्या पंधरा जणांमध्ये या आजाराचा एरवी क्वचित दिसणारा प्रकार निघाला, आणि त्या पंधरातले तेरा जण गोरं करणारी क्रीमं वापरत होते. त्या क्रीमांत पारा होता. त्वचेचा रंग बनवणाऱ्या एन्झाइमचं काम पारा अडवतो, म्हणून रंग उतरतो. आणि तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडापर्यंत पोचतो. असल्या डब्यांवर मागे यादीच नसते, किंवा असली तर तीत पारा लिहिलेला नसतो. भाचीची युक्ती तिथे चालत नाही.

असो. कुठे होतो आपण? मॉलमध्ये.

बहिणीने तिथून एक सनस्क्रीन घेतलं, रोजचंच, आणि आम्ही बॅगांच्या दुकानात गेलो. दारात सूट घातलेला गार्ड. आत माणसं कमी आणि दिवे जास्त. प्रत्येक पर्सला देव्हाऱ्यासारखा कोनाडा. भाचीची बॅग सेलमध्ये होती, तरी किंमत बघून माझा तो जुना गुणाकार आपोआप चालू झाला, आणि मग लक्षात आलं की आकडा रुपयांतच आहे. शेजारच्या कोनाड्यांत अक्षरांची नक्षी असलेल्या पर्सेस होत्या. या नक्षीची एक गंमत सांगतो. लुई व्हितॉंची ती सुप्रसिद्ध नक्षी त्याच्या मुलाने, जॉर्जने, १८९६ साली काढली, का तर लोक त्यांच्या ट्रंकांची नक्कल करत होते म्हणून. नक्कल थांबवायला केलेली खूणच पुढे जगभर नक्कल होत राहिली. आणि ते बहुतेक चामडं नसतंच, लेप दिलेलं सुती कापड असतं. (आपली खरी चामड्याची कोल्हापुरी चप्पल जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये दिसली, तेव्हा तिचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर घेतलं. त्यावर परत कधीतरी.)

भाची आरशासमोर पट्टा लहान-मोठा करत होती. मी वळून बघितलं तर बहीण एका कोनाड्यापुढे उभी होती आणि तिच्या हातात एक मरून पर्स होती. योगायोग म्हणा. ती तिची चेन उघडून आतले खण बघत होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सिंगापूरहून येताना तू पर्स मागितली होतीस."

"मी? कधी?"

"२००३ला. मेल केली होतीस. आत खण असलेली, असं लिहिलं होतंस."

तिने थोडा विचार केला. "नाही रे आठवत. ती डबी आठवते. अजून आहे, साडीच्या पिना असतात तिच्यात."

"क्रीम आणू नको असंही लिहिलं होतंस."

ती चेन बंद करता करता थांबली. "मग आणलंस कशाला?"

वीस-बावीस वर्षांत या प्रश्नाची मी बरीच उत्तरं तयार केली होती. आई म्हणाली, तुझ्या भल्यासाठी, मला काय माहीत होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "पर्स महाग होती."

"किती?"

"साडेआठ हजार."

"बाप रे. बरं झालं नाही आणलीस. मी ती कपाटात ठेवून दिली असती." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "साधी आणायचीस."

मी हो म्हटलं.

"आता ही घे," मी म्हणालो. "मी देतो."

"वेडा आहेस का? किंमत बघितलीस?" असं म्हणत तिने आपल्या खांद्यावरची कापडी पिशवी खाली उतरवली, दुकानाच्या काचेच्या टेबलावर ठेवली आणि त्यातून जेवणाचा डबा काढला. तो पर्समध्ये ठेवून बघितला. मावला. पाण्याची बाटली, आडवी करून, मावली. मग सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा. (शनिवारी मॉलमध्येसुद्धा ही बाई पेपर घेऊन आली होती.) तो काही केल्या जाईना. दुकानातला मुलगा अदबीने बघत उभा होता. अशी चाचणी त्याने त्या पर्सवर आधी बघितली नसावी.

"पेपर मावत नाहीत," तिने जाहीर केलं आणि पर्स कोनाड्यात परत ठेवली, पट्टा होता तसा नीट गुंडाळून.

भाचीची बॅग घेतली. तिच्यात फोन आणि लिपस्टिक एवढंच मावतं, पण तो माझा विषय नाही. बिल करताना मुलाने माझा नंबर मागितला, मी चुकीचा दिला.

पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते नेहमीप्रमाणे आठवत नव्हतं. खांबांचे नंबर वाचत फिरत होतो. भाची पुढे गेली होती. बहीण मागून म्हणाली, "पुढच्या शनिवारी तू मोकळा आहेस का?"

"आहे. का?"

"लक्ष्मी रोडला एकाकडे मी एक बघून ठेवलीय. चौदाशे सांगतो, बाराशेला देईल. आत तीन खण आहेत. मरून नाही, काळी आहे."

"चालेल," मी म्हटलं. "पेपर घेऊन ये बरोबर."